गेम चांगला, प्रकाशक नकोसा: खाते बंद करण्याच्या सेवेचे परीक्षण

ज्या परदेशी प्रकाशकाच्या सांघिक नेमबाजीच्या गेमवर आम्हां सांगलीकर मित्रांनी शनिवारच्या कित्येक रात्री खर्ची घातल्या, त्याच्याकडील माझे खाते मी गेल्या दिवाळीनंतर कायमचे बंद केले. गेमची परीक्षणे मराठीत अधूनमधून वाचायला मिळतात. पण खाते बंद करून देणे ही देखील प्रकाशकाने पुरवायची एक सेवाच आहे आणि तिच्याविषयी सहसा कोणी लिहीत नाही, म्हणून हा प्रपंच. प्रकाशकाचे नाव मी मुद्दाम देत नाही. ज्यांनी पीसीवर एखादा मोठा ऑनलाइन गेम काही काळ खेळला आहे त्यांना यातले निम्मे तरी ओळखीचे वाटेल आणि नाव कोणते घालायचे ते त्यांचे त्यांना सुचेल.

आधी गेमबद्दल, कारण त्याच्यावर अन्याय होऊ नये. पाच विरुद्ध पाच असा सामना, अर्ध्या-पाऊण तासाचा डाव, आणि अचूक नेमापेक्षा साथीदाराला वेळेवर सावध करण्याला अधिक किंमत. त्यामुळे तिशी ओलांडलेल्या, बोटे जराशी मंदावलेल्या आमच्यासारख्यांनाही त्यात गोडी वाटे. आवाजाचे काम तर इतके बारकाईने केलेले, की भिंतीपलीकडचा माणूस फरशीवरून चालतो आहे की पत्र्यावरून, हे हेडफोनमधून कळावे. विश्रामबागेतील अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या वसतिगृहात जमलेला आमचा कंपू आता पांगला आहे. कोणी मिरजेत एका रुग्णालयाचा संगणक विभाग सांभाळतो, कोणी कुपवाडच्या एमआयडीसीत आहे, एकाची तासगावला द्राक्षबाग आहे, काही जण पुण्यात स्थिरावले आहेत. दहा जण जमले की खासगी लॉबी, म्हणजे फक्त ओळखीच्यांसाठीची सामन्याची खोली, उघडायची आणि आपापसांत दोन फळ्या करून भांडायचे, हा आमचा रिवाज. अनोळखी लोकांशी खेळण्यात आम्हांला फारसा रस नव्हता. हे आताच सांगून ठेवतो, कारण पुढची ठिणगी तिथेच पडली.

प्रकाशकाशी खटके मात्र त्याआधीपासून उडत होते. मी गेम एका मोठ्या ऑनलाइन दुकानातून रोख किमतीला घेतला होता आणि तो तिथून थेट सुरू होत असे. एका अपडेटनंतर प्रकाशकाचे स्वतःचे लाँचर, म्हणजे गेम उघडून देणारा वेगळा प्रोग्राम, मध्ये आले. त्यात वेगळे खाते, वेगळा पासवर्ड, आणि गेम उघडण्याआधी त्यातल्या पात्रांच्या नव्या पोशाखांच्या जाहिराती. हे सहन करता आले असते, आणि आम्ही केलेही.

त्यानंतर मुंबईतील सर्व्हर बंद करून भारतातील खेळाडूंना सिंगापूरच्या सर्व्हरकडे वळवण्यात आले. घोषणा एका ओळीची होती आणि तीत अधिक चांगल्या अनुभवाचे आश्वासन होते. आता सांगलीतल्या माणसासाठी याचा अर्थ काय, तो थोडा उलगडून सांगायला हवा. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर या वेगाने जातो. मुंबई ते सिंगापूर हे सरळ रेषेतील अंतर सुमारे ३,९०० किलोमीटर आहे. म्हणजे केबल अगदी दोरी ताणल्यासारखी सरळ टाकली तरी नुसत्या जाण्या-येण्याला ४० मिलिसेकंदांच्या आसपास वेळ लागणारच. प्रत्यक्षात समुद्रातील केबल वळसे घेत जाते, मध्ये राउटर लागतात, आणि सांगलीहून मुंबईपर्यंतचा प्रवास वेगळाच. माझ्या शंभरफुटी रस्त्यावरील घरातून जो पिंग (संदेश सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारे मिलिसेकंद) एरवी पंचवीस-तीसच्या घरात असे, तो नव्वदीच्या पुढे जाऊन बसला. ज्या गेममध्ये कोपऱ्यावरून आधी कोण दिसले यावर डाव फिरतो, तिथे हा फरक खेळाडूच्या कौशल्याने भरून निघत नाही. भौतिकशास्त्राबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही, हे मला मान्य आहे; पण सर्व्हर कुठे ठेवायचा हा निर्णय भौतिकशास्त्राचा नव्हता.

गेममधील नाण्यांचा व्यवहार हा आणखी एक भाग. पोशाख आणि बंदुकांच्या रंगरंगोटीची किंमत रुपयांत कधीच दिसत नसे. आधी नाण्यांचे गठ्ठे विकत घ्यायचे आणि मग ती नाणी खर्च करायची. गठ्ठे हजाराचे असत आणि वस्तू बाराशेची, त्यामुळे प्रत्येक खरेदीनंतर काहीतरी शिल्लक राही, जी एकटी कशालाच पुरत नसे. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला कोणी रुपयांऐवजी स्वतःच्या पेढीची टोकने चालवू लागला आणि उरलेली टोकने परत घेईना, तर दुसऱ्या दिवशी त्याच्या पेढीपुढे कोणी उभे राहणार नाही. इथे मात्र आपण वर्षानुवर्षे उभे राहतो. युरोपीय संघातील ग्राहक संरक्षण यंत्रणांच्या जाळ्याने मार्च २०२५ मध्ये अशा आभासी चलनांविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. वस्तूची किंमत खऱ्या चलनात स्पष्ट दाखवावी आणि ग्राहकाला नको असलेले जास्तीचे चलन घेण्यास भाग पाडू नये, हा त्यांचा गाभा आहे. आमच्या प्रकाशकाने निदान भारतातल्या पडद्यावर तरी त्यातले काहीच उतरवलेले नव्हते.

दसऱ्याच्या सुमारास नवा सीझन आला आणि त्यात खासगी लॉबी मासिक वर्गणीच्या योजनेत ढकलण्यात आली. लॉबी उघडणाऱ्या एकट्याने वर्गणी भरून भागत नव्हते. सामन्यात बसणाऱ्या प्रत्येकाकडे ती योजना हवी. जी सोय गेम घेताना किमतीतच धरलेली होती, जिच्यासाठीच आम्ही तो घेतला होता, ती आता दहा जणांनी दरमहा स्वतंत्रपणे विकत घ्यायची. मी ग्राहक साहाय्याकडे लेखी तक्रार केली. पहिले उत्तर आभाराचे आले, दुसरे इंटरनेटचे जोडणी-यंत्र बंद करून पुन्हा सुरू करण्याचे आणि तिसऱ्यात तक्रार सुटल्याचे परस्पर जाहीर करून समाधानाचे तारे मागितलेले होते. उत्तर देणारा माणूस होता की यंत्र, हे मी ठरवू शकलो नाही आणि ठरवण्याची गरजही उरली नाही.

मी खाते बंद करणार असे सांगितल्यावर तासगावच्या मित्राने त्याच्या पद्धतीने समजूत घातली. "अरे, राहू दे की पडून. ते काय खातंय व्हय तुझं?" गेम संगणकावरून काढून टाकला की झाले, असे त्याचे म्हणणे, आणि बहुतेक लोक तेच करतात. मला ते पटले नाही. गेम काढला तरी खाते प्रकाशकाकडे जिवंत राहते. त्याला जोडलेला ईमेल, फोन क्रमांक, पैसे देण्याची साठवलेली पद्धत, मित्रांची यादी आणि गप्पांच्या नोंदी तशाच राहतात, आणि उद्या त्यांच्याकडून माहिती फुटली तर ज्याने वर्षभर गेम उघडलाही नाही त्याचीही ती फुटते. शिवाय माझा राग त्या गेमवर नव्हता, व्यवहारावर होता, आणि तो व्यवहार नोंदीसकट संपवायचा होता. (घरी वडिलांना मात्र ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आणणारा कायदा केला, त्यामुळेच मी घाबरून खाते बंद करतो आहे असे अजूनही वाटते. आमच्या गेममध्ये पैज किंवा पैसे जिंकणे असा प्रकारच नव्हता, हे मी त्यांना सांगून पाहिले आहे.)

आता प्रत्यक्ष सेवेकडे येतो. गेममध्ये किंवा लाँचरमध्ये खाते बंद करण्याचा पर्याय कुठेही नाही. त्यासाठी संकेतस्थळावर जावे लागते, आणि तिथेही 'माझे खाते' या पानावर तो सापडत नाही. तो मदतीच्या विभागात, गोपनीयतेच्या लेखाच्या तळाशी, एका वाक्यातील दुव्यात दडलेला आहे. दुवा उघडला की आपण ज्या खात्यात आधीच आहोत त्यात पुन्हा प्रवेश करावा लागतो, मग फोनवर ओटीपी, मग ईमेलवर दुवा. इथवरचे मी समजू शकतो. दुसऱ्या कोणी आपले खाते उडवू नये म्हणून ही काळजी घेतलीच पाहिजे. त्यानंतर जोडलेली सगळी बाहेरची खाती आपल्या हाताने तोडायला सांगितले जाते, आणि त्यांतल्या एका दुकानाचे खाते तोडण्यासाठी पुन्हा ग्राहक साहाय्याकडेच लेखी विनंती (तिकीट) नोंदवावी लागते. आणि मग ओळख पटवण्याची प्रश्नावली येते, जिच्यापाशी माझे घोडे अडले.

प्रश्न असा होता, की हे खाते पहिल्यांदा कोणत्या शहरातून उघडले गेले. मी सांगली असे लिहिले. उत्तर जुळत नसल्याने विनंती नाकारण्यात येत आहे, असे कळवण्यात आले. मी पुन्हा सांगली लिहिले, पुन्हा तेच. जिल्हा लिहून पाहिला, पिनकोड लिहून पाहिला. शेवटी प्रकाशकाच्याच दुसऱ्या पानावरून माझ्या माहितीची प्रत मागवली. ती मिळायला वेळ लागला, पण मिळाली, आणि तीत उत्तर सापडले. प्रकाशकाच्या नोंदीप्रमाणे मी सांगलीत बसून कधीच खेळलो नव्हतो. माझ्या प्रत्येक प्रवेशापुढे शहर म्हणून कुठे मुंबई होते तर कुठे पुणे, कारण आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून, काढलेले ठिकाण हे बहुतेक वेळा इंटरनेट कंपनीच्या जाळ्याचे असते, घराचे नसते. पहिल्या नोंदीपुढे मुंबई होते. प्रश्नावलीत मुंबई असे लिहिले आणि माझी ओळख तात्काळ पटली. खरे उत्तर देणाऱ्याला संशयित ठरवणारी आणि चुकीचे उत्तर देणाऱ्याला मालक मानणारी ही व्यवस्था महानगरांबाहेरच्या ग्राहकाचा विचार करून आखलेली नाही, एवढे त्यातून उघड झाले. सांगली, सातारा, सोलापूर, कुठल्याही जिल्ह्याच्या ठिकाणाहून खेळणाऱ्या वाचकांना माझी सूचना आहे, की खाते बंद करण्याच्या भानगडीत पडण्याआधी माहितीची प्रत हातात घ्या.

त्या प्रतीत इतरही बरेच होते. प्रवेशाच्या वेळा, संगणकाच्या भागांवरून तयार केलेला ओळख क्रमांक, प्रत्येक सामन्याचा निकाल, लॉबीतल्या लेखी गप्पा, कोणी माझ्याविरुद्ध आणि मी कोणाविरुद्ध केलेल्या तक्रारी, आणि ज्या वस्तूंच्या पानावर मी थबकलो पण घेतल्या नाहीत त्यांचीसुद्धा यादी. शेवटची यादी वाचताना मला पहिल्यांदा आपला निर्णय योग्य असल्याची खात्री वाटली.

ओळख पटल्यावर मनधरणीचा टप्पा सुरू होतो. आधी कारण विचारतात, आणि दिलेल्या पर्यायांत प्रकाशकाच्या वागणुकीला कंटाळलो असा पर्याय नाही. वेळ मिळत नाही, गेम अवघड वाटतो, दुसरे खाते आहे, असे सगळे दोष ग्राहकाच्याच पदरात टाकणारे पर्याय आहेत. मग काही नाणी फुकट देऊ करतात. मग मित्रांची नावे एकेक करून दाखवतात आणि त्यांना सोडून जायचे ठरलेच आहे का, असे विचारतात. 'खाते ठेवा' हे बटण मोठे आणि रंगीत, 'पुढे जा' ही अक्षरे पार्श्वभूमीच्याच करड्या रंगाची. हे सगळे पार पडल्यावरही खाते लगेच जात नाही. तीस दिवस ते निद्रिस्त राहते आणि त्या काळात कुठूनही एकदा प्रवेश झाला की सगळी विनंती रद्द होते. रागाच्या भरात बंद केलेल्याला विचार बदलण्याची सवड असावी, हे तत्त्व मला मान्य आहे. पण संगणक सुरू होताच लाँचर आपणहून खात्यात प्रवेश करते, आणि तेवढ्यानेही विनंती रद्द होऊ शकते, ही सूचना त्या पानावर कुठेच नव्हती. मला ती मिरजेच्या मित्राने दिली. त्याची विनंती तशीच रद्द झाली होती.

आता या परीक्षणातील मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट. याच प्रकाशकाचे फोनवर एक साथीदार अ‍ॅप आहे, ज्यात सामन्यांची आकडेवारी पाहता येते. त्या अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये 'खाते हटवा' हे बटण सरळ समोर आहे, आणि तिथे ना शहर विचारतात, ना मित्रांची नावे दाखवून गळ घालतात. एकाच कंपनीची, एकाच खात्यासाठीची ही दोन रूपे का, याचे उत्तर तांत्रिक नाही. ज्या अ‍ॅपमध्ये खाते उघडता येते त्या अ‍ॅपमध्येच ते हटवण्याची सोयही असलीच पाहिजे, अशी सक्ती अ‍ॅपलने आपल्या अ‍ॅप स्टोअरवर ३० जून २०२२ पासून केली. गूगलने २०२३ मध्ये प्ले स्टोअरसाठी तसेच धोरण जाहीर केले आणि अ‍ॅपच्या बाहेर, संकेतस्थळावरूनही विनंती करता यावी अशी अट घातली. पीसीवर अशी अट घालणारा कोणी दुकानदार नाही, म्हणून तिथे भूलभुलैया. मदतीच्या पानावर देश निवडण्याची सोय आहे, ती मी सहज बदलून पाहिली. युरोपातील देश निवडताच मजकूर बदलला आणि माहिती पुसून घेण्याच्या हक्काचा थेट अर्ज समोर आला, कारण मे २०१८ पासून लागू असलेल्या युरोपच्या माहिती संरक्षण नियमावलीच्या कलम १७ ने तो हक्क दिला आहे. भारत निवडला की पुन्हा 'ग्राहक साहाय्याशी संपर्क साधा'. दार बसवण्याचे कसब कंपनीकडे पुरेपूर आहे. ज्यांनी बसवायला लावले त्यांच्यापुरतेच ते बसवले आहे.

आपल्याकडे कायदा नाही असे मात्र समजू नये. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याच्या कलम १२ मध्ये माहिती दुरुस्त करून घेण्याचा व पुसून घेण्याचा हक्क आहे. संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय ग्राहकाला दिला पाहिजे, असेही तो म्हणतो, म्हणजे मराठीतही. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि कंपन्यांवरील मुख्य बंधनांना तिथून १८ महिन्यांची सवड आहे. भारतात ५० लाख किंवा त्याहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या गेमिंग कंपन्यांना तीन वर्षे न फिरकलेल्या वापरकर्त्याची माहिती पुसावी लागेल आणि तसे करण्याच्या किमान ४८ तास आधी त्याला कळवावे लागेल, अशीही तरतूद त्या नियमांत आहे. तोवर हाताशी आहे तो ग्राहक कायदा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ग्राहकाला फसवणाऱ्या पडद्यांच्या रचनेविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत असे १३ प्रकार सांगितले आहेत, आणि वर्गणीतून बाहेर पडण्याची वाट लपवणे किंवा किचकट करणे, नकार देणाऱ्याला अपराधी वाटायला लावणे, पुन्हा पुन्हा तगादा लावणे हे त्यांतच आहेत. ही तत्त्वे भारतात पद्धतशीरपणे वस्तू किंवा सेवा पुरवणाऱ्या सर्व मंचांना लागू आहेत, कंपनी कुठल्या देशाची आहे याने सुटका होत नाही. मी माझ्या अर्जात यांतील प्रकार नावानिशी लिहिले, आणि मला असे दिसले, की त्यानंतरची उत्तरे एकाएकी माणसाने लिहिल्यासारखी येऊ लागली.

वर्गणीबाबत एक सावधगिरी. आमच्यातील दोघांनी पहिल्या महिन्यापुरती ती योजना घेतली होती आणि खाते हटवले म्हणजे वर्गणीही थांबेल असा त्यांचा समज होता. तसे होत नाही. यूपीआयच्या ऑटोपेचा आदेश हा बँक आणि आपल्यामधला असतो, आणि १५,००० रुपयांपर्यंतची ठरावीक काळाने होणारी वजावट दर वेळी पिन न मागता होऊ शकते. फोनमधील यूपीआय अ‍ॅपमध्ये जाऊन तो आदेश स्वतः रद्द करावा आणि मगच खात्याला हात लावावा. एकदा खाते गेले की परतावा मागायला प्रकाशकाकडे ओळखच उरत नाही.

खाते गेल्यावर काय काय जाते, याची चौकशीही आधी करावी. मी ज्या दुकानातून गेम घेतला त्याच्या यादीत तो आजही दिसतो, पण प्रकाशकाच्या खात्याशिवाय सुरू होत नाही. नवे खाते काढले तर तो पहिल्या पायरीपासून सुरू होईल. म्हणजे मी दिलेल्या पैशांत नक्की काय आले होते, हा प्रश्न उरतोच, आणि तो एकट्या माझ्या प्रकाशकाचा नाही. यूबीसॉफ्ट या फ्रेंच प्रकाशकाने २०१४ मध्ये आणलेल्या द क्रू या मोटारशर्यतीच्या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ रोजी बंद केले, तेव्हा ज्यांनी तो पूर्ण किमतीला घेतला होता त्यांच्याकडेही खेळण्याजोगे काही उरले नाही. त्यातून स्टॉप किलिंग गेम्स ही मोहीम उभी राहिली आणि युरोपीय संघातील तिच्या नागरिक याचिकेने जुलै २०२५ मध्ये दहा लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. कॅलिफोर्नियाने तर कायदाच केला, की जे खरोखर ग्राहकाच्या मालकीचे होणार नाही ते विकताना केवळ परवाना मिळतो आहे हे त्याला स्पष्ट सांगावे. १ जानेवारी २०२५ पासून तो लागू आहे. ज्यांना हा घोळच नको असेल त्यांनी पोलंडच्या जीओजीसारख्या दुकानाकडे वळावे, जिथे एकट्याने खेळायच्या गेमची इन्स्टॉलेशन फाइल उतरवून स्वतःच्या डिस्कवर ठेवता येते आणि नंतर कोणाच्या सर्व्हरची परवानगी लागत नाही. दहा मित्रांच्या सामन्याला मात्र तो उपाय पुरा पडत नाही.

खाते बंद झाल्याच्या शेवटच्या ईमेलमध्ये खरेदीच्या नोंदी करविषयक कारणांसाठी राखून ठेवल्याचे लिहिले होते. त्यावर माझा आक्षेप नाही. आपल्याकडील जीएसटी कायद्यातही हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपण्याची सक्ती आहे. आक्षेप आहे तो शिल्लक नाण्यांबद्दल. ती जप्त झाल्याचे त्याच ईमेलमध्ये एका अर्ध्या वाक्यात आटोपले होते. ज्या पैशांच्या बदल्यात काहीच दिले गेलेले नाही, ते पैसे कंपनीने ठेवून घेण्याचे कारण मला कुठल्याच अटीत नीट समजावून सांगितलेले आढळले नाही.

तेव्हा माझा निवाडा असा, की गेमला पाचपैकी चार तारे, सर्व्हरच्या स्थलांतरानंतर तीन. खाते बंद करण्याच्या सेवेला पीसीवर एक आणि फोनवर चार. ज्यांच्या नाण्यांची शिल्लक मोठी आहे त्यांनी ती आधी कशात तरी खर्चून टाकावी, ज्यांच्या घरी अठरा वर्षांखालील मुलाचे खाते आहे त्यांनी ते मुलाच्या नावावर आहे की पालकांच्या, हे आधी तपासावे, आणि ज्यांच्या फोनवर प्रकाशकाचे अ‍ॅप आहे त्यांनी संकेतस्थळाच्या वाटेला जाऊच नये.

शिल्लक नाण्यांच्या रकमेसाठी मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांनुसार कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल देणे अपेक्षित आहे; पोच आली आहे. निकाल समाधानकारक नसेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात दाद मागता येते, म्हणजे मला सांगलीतच, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. कंपनीच्या अटींमध्ये वाद परदेशातील लवादापुढे न्यावा असे लिहिलेले आहे, पण लवादाच्या कलमामुळे ग्राहक आयोगाचा दरवाजा बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये एम्मार एमजीएफ या बांधकाम कंपनीच्या प्रकरणात स्पष्ट केलेले आहे. रक्कम किरकोळ आहे आणि तरीही अर्ज तयार करून ठेवला आहे.